नडगीवरचा ठिपका

५ मे १९४६, रविवार. माळवाडी

आले एकदाची. स्टेशनपासून इथपर्यंत बैलगाडीनं जो काही समाचार घेतला आहे, त्यानंतर उभं राहूनच लिहावं असं वाटतंय.

कुंडलच्या पलीकडची ही वाडी. ऊस आहे, विहिरी आटत आल्या आहेत, आणि गेल्या आठवड्यापासून पटकी शिरली आहे. सांगलीच्या मदत समितीनं आमच्या दवाखान्याकडे डॉक्टर मागितला. चिंतामणराव, म्हणजे माझे वरिष्ठ, घसा खाकरत म्हणाले, "चारुशीला, तिथं बाईमाणसानं एकटं जायचं म्हणजे..." मी विचारलं, "पटकी काय बाईमाणूस बघून वाट सोडते?" दुसऱ्या दिवशी मी गाडीत होते. वाईला अण्णांना, म्हणजे वडिलांना, कळवलेलं नाही. कळवलं तर घाटावरच्या प्रत्येक देवळात माझ्या नावानं अभिषेक सुरू होतील.

शाळेच्या दोन खोल्या मिळाल्या आहेत, एक बायकामुलांची, एक पुरुषांची. ओसरीवर पाणी उकळायचा हंडा. जेवढं पाणी प्यायचं तेवढं इथून न्यायचं किंवा घरी उकळायचं, असा हुकूम मी आल्याआल्या सोडला आहे. हाताखाली आकाराम नावाचा कंपाउंडर आहे. लढाईत जखमा बांधायच्या कामावर होता. उंच, काटक, आणि 'लय' या शब्दाशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही.

त्याला पेटीतल्या सुया दाखवल्या. पुण्याच्या लष्करी इस्पितळात युद्धाची दोन वर्षं काढली, त्याची ही कमाई. हाडात घालायच्या सुया. आखूड, जाड, पोटात तार असलेल्या, म्हणजे आत जाताना हाडाचा चुरा भरून त्या बंद होत नाहीत. पटकीत अंगातलं पाणी जातं आणि शिरा चपट्या होऊन आत दडून बसतात. हातात सलाईनची बाटली असते आणि ते घालायला वाट नसते. पण हाड चपटं होत नाही. त्याच्या पोटातल्या मगजात रक्ताचं जाळं असतं. तिथं पाणी सोडलं की ते थेट रक्तात जातं.

"म्हंजी हाड फोडायचं?" आकारामनं विचारलं.

"फोडायचं नाही. भोक पाडायचं."

"लय फरक हाय," तो म्हणाला. चेष्टा होती की काय, कळलं नाही.

६ मे, सोमवार

पहिली परीक्षा आजच झाली, आणि मी उत्तीर्ण.

सकाळी हरणाबाई आल्या. साठीच्या, विधवा, स्वतःचा ऊस स्वतः बघणाऱ्या. वाडीतला सगळ्यात मोठा आवाज त्यांचा असावा, कारण त्या कोपऱ्यावर असतानाच मला ऐकू आल्या. पदराखाली दोन वर्षांची नात होती, मनू. मागे सून अंजना, नुसती रडत. पोरीचे डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. मनगट, कोपर, घोटा, डोकं, सगळीकडे शीर शोधली. एक मिळाली ती सुई लागताच फुटली.

मी हाडाची सुई मागितली.

"हाडात?" हरणाबाई कडाडल्या. "आवं बाई, वाचवाय आनलीया पोरगी, भोसकाय न्हाई!"

"वाद नंतर घालू. पाय धरा घट्ट."

आणि त्यांनी धरला. तोंड चालूच होतं, पण हात कामाला लागले होते. असली माणसं मला आवडतात.

आकारामला दाखवत दाखवतच केलं. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला एक उंचवटा लागतो. त्याच्या बोटभर खाली आणि आतल्या अंगाला नडगी सपाट असते. तिथं हाड कातडीच्या लगेच खाली आहे, मध्ये मांस नाही, मोठी शीर नाही. सुईचं टोक किंचित पावलाकडे कलवायचं, कारण वर सांध्याजवळ हाड वाढायची जागा असते आणि ती दुखावली तर पाय खुरटतो. सुई पिळत पिळत दाबायची. एकदम हात हलका पडतो. नवख्याला वाटतं, चुकलं. तेच बरोबर असतं. आणि हात सोडला तरी सुई खुंटीसारखी उभी राहिली पाहिजे.

राहिली. तार काढली, पिचकारीनं पाणी सोडलं, आजूबाजूला सूज नाही. थोड्या वेळानं मनूनं ओठ चाटले. मग डोळे फिरवले. मग जी काही रडायला लागली, की अंजना रडायची थांबली. हाताची शीर वर आली तशी नळी तिकडे लावली आणि हाडातली सुई काढून टाकली. ही सुई पाहुणी असते, मुक्कामाला ठेवायची नाही.

हरणाबाई पोरीच्या पायावरून हात फिरवत होत्या. "दुखलं आसंल वं लेकराला?"

"छे! मुंगी चावल्यासारखं," मी म्हटलं.

८ मे, बुधवार

आज हंबीरराव. निवृत्त हवालदार, छाती अशी की दारातून आडवं व्हावं लागेल. त्यांना चौघांनी उचलून आणलं. शीर नाही. घोट्याजवळ कापून शीर उघडी करायची तर तेवढा वेळ नव्हता, नाडी बोटाखालून निसटत होती. गडी शुद्धीवर होता. मनूची गोष्ट त्यांच्या कानावर गेलेली, म्हणून स्वतःच पाय पुढे केला.

"पाय नाही," मी म्हटलं. "छाती."

त्यांचा भाऊ दारात आडवा झाला. "काळजात सुई घालनार? आमी हाय का मेलोय?"

हंबीरराव क्षीण आवाजात म्हणाले, "आरं गप रं. इटलीत गोऱ्या डाक्टरनं माज्या म्होरं एकाला आशीच घातली व्हती. जितां ऱ्हायला. घाला बाई."

छातीच्या मधल्या हाडाचा वरचा भाग, दुसऱ्या बरगडीच्या पातळीला एक आडवा कंगोरा बोटाला लागतो, त्याच्या आसपास, अगदी मधोमध. सुईला अडसर लावलेला, म्हणजे ठरल्यापेक्षा खोल जायलाच नको. मागे काळीज आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत हे विसरायचं नाही आणि त्या भीतीनं हातही कापू द्यायचा नाही. गेली. हंबीररावांनी दात खाल्ले, पण आवाज काढला नाही.

नंतर आकारामला समजावलं. लहान मुलाच्या नडगीत लाल मगज असतो. माणूस मोठा होतो तसा पायातला मगज पिवळा, चरबीचा होत जातो आणि वरचं हाड दगडासारखं. तिथं सुई जाता जात नाही आणि गेली तरी पाणी धड पुढे सरकत नाही. लाल मगज छातीच्या हाडात टिकतो. म्हणून मोठ्यांना छाती आणि लहानांना पाय. उलट कधीही करायचं नाही, कारण लहान पोराच्या छातीचं हाड पापडाएवढं, सुई आरपार जाऊन काळजात शिरायची.

"लय ध्यानात ठेवीन," आकाराम म्हणाला. संध्याकाळपर्यंत हंबीरराव चहा मागत होते. चहा दिला नाही, पण मागितला याचा आनंद झाला.

११ मे, शनिवार

माझ्या डोक्यातून कधीकधी खरंच चांगल्या कल्पना निघतात.

आकारामचा हात बसावा म्हणून खाटकाकडून बोकडाच्या पायाच्या नळ्या आणवल्या. त्यानं दिवसभर भोकं पाडली. हात चांगला आहे, पण जागा शोधताना बोटं घुटमळतात. आणि बुधवारी मला सलाईन आणायला सांगलीला जावं लागणार. मी नसताना एखादं पोर आलं तर हा वाटी कुठे, उंचवटा कुठे करत बसेल. मग सुचलं. पोरं धडधाकट असताना, पाय भरलेले असताना, मीच सावकाश जागा शोधून खूण करून ठेवली तर?

जखमेला लावायचं जांभळं औषध आहेच. वाडीतली पोरं बोलावली. हरणाबाईंना सांगायचा अवकाश, त्यांनी दारोदार जाऊन आया गोळा केल्या, रांग लावली, मध्ये घुसणारीला बखोटीला धरून मागे नेलं. प्रत्येक पोराच्या दोन्ही नडग्यांवर एकेक जांभळा ठिपका. त्यांचा नातू नाथा, चार वर्षांचा, मनूचा भाऊ, ठिपका बघून नाचायलाच लागला.

"ह्यो ठिपका आसला म्हंजी काय व्हतं बाई?" हरणाबाईंनी विचारलं. पुढे चाळीसेक पोरं कलकलत होती.

"ठिपका असला की पोर वाचतं," मी म्हटलं आणि पुढचा पाय ओढला.

बायका खूश होऊन गेल्या. चार दिवसांपूर्वी माझ्याकडे संशयानं बघणारं गाव आज पाय पुढे करून उभं होतं. चिंतामणरावांनी हे बघायला हवं होतं.

१३ मे, सोमवार

रोगी कमी. हंड्यातलं उकळलेलं पाणी सकाळपासून तसंच पडून. म्हणजे बायका आता घरीच उकळायला लागल्या. शिकवलं तर शिकतात, उगाच नावं ठेवतात लोक.

दोघी-तिघी विचारून गेल्या, ठिपका आंघोळीनं फिका झाला तर चालतं का. मी थट्टेनं म्हटलं, "मग घालूच नका आंघोळ!"

१५ मे, बुधवार. सांगली

सलाईनची खोकी मिळाली, पण गाडीची सोय शनिवारी. तोपर्यंत इथेच. भरपूर पाण्यानं आंघोळ केली आणि आमरस खाल्ला. दोन्ही गोष्टींची लाज वाटली, पण थोडी.

चिंतामणरावांना सगळं सांगितलं. त्यांचा एकच धोशा. "हाडाला पू धरला म्हणजे? पटकीतून वाचलेलं पोर पायानं अधू करशील."

"कातडी स्वच्छ असली आणि सुई वेळेवर काढली तर पू धरत नाही. अजून एकालाही धरलेला नाही."

"अजून," ते म्हणाले. मला त्यांच्या या 'अजून'ची फार चीड येते.

१८ मे, शनिवार. माळवाडी

राग अजून उतरलेला नाही.

गाडी वेशीतून आत आली तेव्हा झाडाखाली पोरं बसलेली. एरवी गाडीमागे धावणारी पोरं जागची हलेनात. उतरून बघितलं. प्रत्येकाच्या नडगीवर, माझ्या ठिपक्याच्या जागी, रुपयाएवढा फोड. काहींचे फुटलेले, पाणी ओघळून खालपर्यंत कातडी लाल. काहींना माश्या लागलेल्या.

बिब्बा!

आकाराम मान खाली घालून उभा होता. "म्या नगं म्हनलं व्हतं बाई. बाया कुटं ऐकत्यात."

हरणाबाईंना बोलावणं धाडलं. आल्या. सगळ्या वाडीसमोर मी विचारलं, हे कोणी केलं.

"म्या केलं," त्या म्हणाल्या. "तुमचा रंग दोन आंघुळीत गेला. धोबी कापडावर बिब्ब्यानं खून करतो, ती कापाड फाटंस्तवर जात न्हाई. मग म्या इचार केला..."

"याला विचार म्हणतात? अहो, फोड आलेल्या कातडीतून सुई घातली तर घाण सरळ हाडात जाईल! पोराला वाचवायची जी एक जागा होती तीच तुम्ही जाळून टाकलीत. पोरांच्या पायाला लावण्याआधी स्वतःच्या पायाला लावून बघायचा होता, म्हणजे कळलं असतं!"

हरणाबाईंनी लुगड्याचा ओचा सारखा केला आणि उभ्या राहिल्या. मी समजले, पटलं.

आणि त्याहून कहर म्हणजे हंडा. आकाराम सांगतो, गेल्या शनिवारपासून कोणी उकळलेलं पाणी न्यायला आलं नाही आणि घरीही कोणी उकळत नाही. अंजनाला विचारलं तर भाबडेपणानं म्हणते, "ठिपका हाय की बाई."

अडाणीपणाला औषध नाही. 'ठिपका असला की पोर वाचतं' हे वाक्य कोणाचं, ते मला आठवतंय. पण घाईत बोललेलं एक वाक्य कुठे आणि बिब्बा कुठे! मी काय त्यांना बिब्बा लावा म्हटलं होतं? नव्हतं. दोनदा आठवून बघितलं, नव्हतं.

उद्यापासून सगळ्या फोडांना पट्ट्या.

२० मे, सोमवार

आज नाथाला आणलं.

हरणाबाईंनी नाही, अंजनानं. हरणाबाई मागे होत्या, दारातच थांबल्या. परवा मी जे बोलले त्यानंतर त्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. नाथा पांढराफटक. बोटांची टोकं सुरकुतलेली, आवाज बसलेला. रात्रभर जुलाब, आणि सकाळी ओकून ओकून पडला.

शीर नाही. आम्ही दोघांनी शोधली. नडग्यांवरच्या पट्ट्या सोडल्या. दोन्हीकडे फोड फुटून पिवळं झालेलं. तिथून सुई घालणं म्हणजे पू हाडात पेरणं. घोट्याच्या वर आतल्या बाजूला एक जागा असते, तीही चालली असती, पण बिब्ब्याचं पाणी ओघळून तिथंवर कातडी सोललेली.

"छाती?" आकाराम हळूच म्हणाला. हातात अडसर लावलेली सुई तयार होती. "हवालदाराला लय भारी लागू पडली व्हती."

खरं सांगते, एक क्षण माझाही हात तिकडे गेला. चार वर्षांचा पोर, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. त्याच्या छातीवर बोट ठेवलं आणि हाडाखाली काळजाची धडधड थेट बोटाला लागली. मध्ये काही आहे असं वाटेचना. हात मागे घेतला.

"नाही. मांडी."

मांडीच्या हाडाचं खालचं टोक. हे मी पुण्यात एकदाच बघितलं होतं, केलं कधीच नव्हतं. गुडघ्याच्या वाटीच्या वर दोन बोटं, समोरून, अगदी मधोमध. इथं सुई वरच्या अंगाला, कमरेकडे कलवायची. नडगीत पावलाकडे, मांडीत कमरेकडे, म्हणजे दोन्हीकडे सांध्याकडे पाठ. हाड वाढायची जागा सांध्याजवळ असते, तिला धक्का लागायला नको. नडगीपेक्षा अवघड, कारण हाडावर मांस आहे आणि हाड गोल आहे. पाय सरळ ठेवला, गुडघ्याखाली घडी घातलेलं गोधडीचं टोक सारलं, म्हणजे मांडी सैल पडते.

पहिल्यांदा सुई हाडावरून घसरली. दारातून एक आवाज आला, हुंदक्यासारखा. मी मागे बघितलं नाही. सुई काढली, मधली रेघ पुन्हा बोटानं चाचपली, मांस बाजूला दाबून धरलं आणि पिळायला सुरुवात केली. हाताला घाम. हाड लागलं. पिळत राहिले. आकाराम श्वास रोखून होता, मला त्याचा श्वास न घेणं ऐकू येत होतं.

हात हलका पडला.

सुई सोडली. उभी राहिली. तार काढली, पिचकारी ओढली तेव्हा लालसर मगज आला. मग पाणी. मांडीला सूज नाही. आकाराम पिचकारी भरत राहिला, मी सोडत राहिले. किती वेळ गेला ठाऊक नाही. नाथानं पाय ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याला धरायला माणूस कमी पडलं. मी ओरडले, "अहो, कोणीतरी धरा!"

हरणाबाई पुढे आल्या, खाली बसल्या आणि पाय धरला. दुपारी नाथाच्या हाताची शीर दोरीसारखी वर आली. सुई काढली, जागा स्वच्छ बांधली.

नाथा वाचला. मी वाचवला, असं लिहायचा मोह होतोय, आणि लिहिलं तर खोटं नाही. पण आज हाडात सुई घालायची जी जागा मला शोधावी लागली, ती शोधायची वेळ का आली, हा प्रश्न जेवताना समोर येऊन बसला. पानावरून उठले.

२१ मे, मंगळवार

घरोघर फिरले. आकाराम बरोबर. प्रत्येक चुलीपाशी बसून सांगितलं, ठिपक्यानं पटकी थांबत नाही. ठिपका ही नुसती जागेची खूण होती, पटकी झाल्यावर सुई कुठे टोचायची त्याची. पटकी थांबते ती उकळलेल्या पाण्यानं. एक म्हातारी म्हणाली, "मग आदीच का न्हाई सांगितलं?" मी उठून तिच्या चुलीवर पाणी चढवलं.

हंडा संध्याकाळी रिकामा झाला.

२३ मे, गुरुवार

हरणाबाईंना पटकी. नाथाचं सगळं त्यांनीच काढलं होतं, फडकी, बादल्या. हात धुवायला मी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. सांगितलं असेल.

पुरुष दूर केले आणि छातीवर सुई घालायची तयारी केली. अंजना घाबरली, पण हरणाबाईंनी स्वतःच चोळीची गाठ सोडली. "हवालदाराला घातली तितंच नव्हं? घाला." मी म्हटलं, "मुंगी चावल्यासारखं वाटेल, हलू नका." हलल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाचं हाड ठिसूळ असतं, दाब बेतानं द्यावा लागतो. सुई चांगली बसली.

मग पावलाजवळ एखादी शीर वर येतेय का बघायला लुगडं वर सारलं. दोन्ही नडग्यांवर, अगदी माझ्या ठिपक्याच्या जागी, बिब्ब्याचे फोड. पोरांच्या फोडांहून जुने. फुटून, सुकून, खपली धरलेले.

मी लुगडं खाली ओढलं.

२५ मे, शनिवार

हरणाबाईंना आज लघवी झाली. मूत्रपिंडं चालू लागली, धोका टळला. आकारामनं ही बातमी हंबीररावांना सांगितली, त्यांनी चावडीवर सांगितली. कोणाच्या लघवीचा एवढा गाजावाजा या वाडीत झाला नसेल.

दुपारी त्यांच्या पायांना मलमपट्टी करायला बसले. विचारलं, "हे कधी केलंत?"

"पोरांच्या आदी," त्या म्हणाल्या. आवाज अजून खोल गेलेला. "लेकरांस्नी लावायचा म्हंजी सोसतोय का न्हाई ते बगाया नगं? माज्याच पायाला लावला. दोन दीस ऱ्हायले. आग व्हत व्हती, पर फोड न्हवता. म्हनलं, एवढं सोसतील पोरं. फोड मागनं आला, पोरांस्नी लावून झाल्यावर."

बिब्ब्याचा फोड उशिरानं येतो, हे कोणत्याही डॉक्टरला ठाऊक आहे.

"मग त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले तेव्हा सांगितलं का नाही?"

"काय सांगू? नाथाच्या पायाला म्याच लावला व्हता. मग माज्या पायाचं काय कवतिक?"

मी पट्टी गुंडाळत राहिले. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून पट्टी फार घट्ट बांधली, परत सोडावी लागली.

"बाई, एक बोलू? रागावू नगा."

"बोला."

"ती तुमची सुई. मुंगी चावल्यावानी म्हनला व्हता." त्यांनी छातीवरच्या पट्टीवर हात ठेवला. "मुंगी न्हवं ती. हाडात कुनी पहार घातल्यावानी व्हतं. पानी सोडताना तर लयच. माजी मनू केवढीशी. नाथा केवढासा." मग म्हणाल्या, "तुमीबी सवताला लावून बगायची व्हती की."

माझेच शब्द. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, खोच नव्हती. खरंच सुचवत होत्या. एकीनं दुसरीला स्वयंपाकातलं काही सांगावं तसं.

इतक्या लोकांना सुया टोचल्या, पुण्यात आणि इथे. कोणालाही विचारलं नाही की कसं वाटतं. जे बेशुद्ध होते त्यांना विचारता येत नव्हतं आणि जे शुद्धीवर होते त्यांना मीच आधी सांगून टाकत होते. लाज वाटली. आमरसाच्या वेळी वाटली तशी थोडी नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं. हे वाक्य मला फारसं येत नाही. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, त्या डोळे मिटून पडल्या होत्या.

२७ मे, सोमवार

आज एकच नवा रोगी. दीड वर्षाचा मुलगा, पलीकडच्या वस्तीवरचा. पायाला बिब्बा नाही. शीर नाही. सुई घेतली.

आई पोरगेलीच. "दुखंल का वं?"

माझ्या जिभेवर ती 'मुंगी' आलीच होती. गिळली. सुईच्या आधी बधिर करायचं औषध टोचायला आकारामला सांगितलं. ते पेटीत पहिल्या दिवसापासून होतं. मोठ्यांना थोडंफार वापरायचे, पोरांना 'कशाला वेळ घालवा' म्हणून नाही. मग तिला म्हटलं, "हो. दुखेल. हे औषध टोचल्यावर थोडं कमी दुखेल, पण दुखेल. ओरडला तर ओरडू दे. मी पटकन करते आणि चांगलं करते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. पोराला उचलून निघून जाईल की काय, असं वाटलं.

मागच्या खाटेवरून हरणाबाईंचा आवाज आला. पुन्हा मोठा झालाय. "खरं सांगत्यात बाई. म्या घेतलीया ती सुई. धर त्येचा पाय."

तिनं पाय धरला.